हरणाऱ्यालाही पुढचा सामना

सोळा संघांची बाद पद्धतीची बॉक्स क्रिकेट स्पर्धा रविवारी सकाळी सातला सुरू झाली, की दुपारच्या जेवणापर्यंत त्यातले आठ संघ घरी गेलेले असतात. वर्गणी सगळ्यांनी सारखीच भरलेली असते. टी-शर्टांवर नावं छापून घेतलेली असतात. कुणी शनिवारची रात्रपाळी बदलून घेतलेली असते, कुणी वर्षभर माळ्यावर पडलेले बूट काढून धुतलेले असतात. सहा षटकं क्षेत्ररक्षण आणि सहा षटकं जाळीबाहेर पॅड बांधून बसणं, एवढ्यात त्यांचा मोसम संपतो. सातव्या क्रमांकावर खेळणाऱ्याला तर बॅट हातात धरायचीही वेळ येत नाही. सोळा संघांत एकूण सामने पंधराच होतात, कारण प्रत्येक सामना एका संघाला बाहेर काढतो आणि शेवटी एकच उरायचा असतो. विजेता झटपट मिळतो, चषक दिला जातो, टर्फचं भाडंही आटोक्यात राहतं.

पण हौशी स्पर्धेला विजेता शोधण्याखेरीज आणखी एक काम असतं आणि माझ्या मते तेच मोठं आहे. आलेल्या प्रत्येकाला पोटभर खेळायला मिळालं पाहिजे. सोसायटीच्या, कचेरीच्या, गल्लीच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असतं, की चषक आपला नाही. ते खेळायला येतात, आणि साखळी पद्धत त्यांना शब्द देते: हरलात तरी पुढचा सामना आहे. मात्र साखळी लावली की न्याय आपोआप होतो, हा समज खरा नाही. कोण कुणाशी केव्हा खेळणार, गुण सारखे झाले तर काय करायचं, पावसाने सामना धुतला तर, एखादा संघ मध्येच उठून गेला तर, हे सगळं पहिला चेंडू पडण्याआधी कागदावर आलेलं असावं लागतं. साखळीतला न्याय त्या कागदात असतो.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक संघाला स्वतःखेरीज बाकी सगळ्यांशी खेळायचं आणि एक सामना दोघांचा मिळून एकच धरायचा. म्हणजे संघांच्या संख्येला तिच्याहून एकाने कमी संख्येने गुणायचं आणि निम्मं करायचं. चार संघांचे ६ सामने, सहांचे १५, आठांचे २८, दहांचे ४५. सोळा संघांची पूर्ण साखळी करायची म्हटली तर १२० सामने होतात. संघ दुप्पट झाले की सामने चौपटीच्या पुढे जातात, म्हणून मोठ्या स्पर्धांना साखळी परवडत नाही. आयपीएलचंच बघा. २००८ साली आठ संघ होते, प्रत्येकाने दुसऱ्याशी दोनदा खेळायचं, साखळीचे ५६ सामने. २०२२ साली संघ दहा झाले. तशीच दुहेरी साखळी ठेवली असती तर ९० सामने झाले असते. म्हणून प्रत्येक संघाला १४ सामने देऊन आकडा ७० वर आणला. काही प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा गाठ, काहींशी एकदाच. दिसायला ही साखळी आहे, पण तिच्या काही कड्या गाळलेल्या आहेत.

बाद पद्धतीत अन्याय होतो हे जुन्या लोकांच्या ध्यानात आलं होतं. १८५१ साली लंडनमध्ये बुद्धिबळाची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ती बाद पद्धतीची. पॅरिसहून आलेले किझेरित्स्की त्या काळच्या नामांकित खेळाडूंपैकी एक. त्यांची पहिल्याच फेरीत अँडरसन यांच्याशी गाठ पडली आणि ते तिथेच बाहेर गेले. पुढे स्पर्धा अँडरसन यांनीच जिंकली. म्हणजे किझेरित्स्की हरले ते विजेत्याकडून, आणि निकालपत्रात मात्र पहिल्या फेरीत गारद झालेल्यांत गणले गेले. लंडनमध्येच १८६२ साली पुढची मोठी स्पर्धा भरली तेव्हा प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं ठरलं.

या अन्यायाचं गणित मांडलं ते ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरल यांनी. खऱ्या नावाने ते चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला गणित शिकवणारे. १८८३ साली त्यांनी लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका काढली. त्यांची तक्रार दुसऱ्या बक्षिसाबद्दल होती. ३२ खेळाडूंची भाग्यपत्रिका चिठ्ठ्या टाकून काढली आणि सरस खेळाडू नेहमी जिंकतो असं धरलं, तरी दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरं बक्षीस मिळण्याची शक्यता ३१ पैकी १६, म्हणजे जेमतेम निम्मी. तो पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूच्या अर्ध्या भागात पडला, तर अंतिम फेरीआधीच संपतो. मानांकनाची पद्धत आल्यावर मोठ्या स्पर्धांतला हा दोष बराच कमी झाला. पण सोसायटीत मानांकन कोण आणि कशाच्या आधारे देणार? तिथे कॅरल यांचं गणित आजही जसंच्या तसं लागू पडतं.

साखळीचा आधुनिक अवतार मात्र न्यायासाठी जन्माला आला नाही. तो सामन्यांच्या हमीसाठी आला. बर्मिंगहॅममध्ये विल्यम मॅकग्रेगर नावाचे मूळ स्कॉटलंडचे कापड दुकानदार होते. अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या कारभारात त्यांचा हात होता. त्या काळी क्लब आपसात मैत्रीचे सामने ठरवायचे, आणि मध्ये चषकाचा सामना आला की ठरलेला सामना रद्द व्हायचा. तिकीट काढायला आलेले लोक परत जायचे आणि खेळाडूंचे पगार अंगावर पडायचे. मॅकग्रेगर यांनी मार्च १८८८ मध्ये काही क्लबांना पत्र लिहिलं, की दर मोसमात एकमेकांच्या मैदानावर जाऊन-येऊन खेळायचे सामने आधीच पक्के करून टाकू. सप्टेंबरात बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, प्रत्येकाला २२ सामने. आपल्याकडच्या रविवारच्या लीगमध्येही लोकांना हवी असते ती हीच हमी: या रविवारी नक्की खेळायचं आहे, अमुक वाजता, अमुक संघाशी.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. सहा विंगांच्या सोसायटीचा एक टर्फ, सहा षटकांचे सामने, नाणेफेक आणि मधली दोन मिनिटं धरून एका सामन्याला पाऊण तास. पंधरा सामन्यांना सव्वाअकरा तास लागतात. सकाळी सातला सुरू केलं तर मध्ये घोटभर पाणी न पिता संध्याकाळचे सव्वासहा होतील आणि अंतिम सामना बाकीच असेल. म्हणून आयोजक तीन-तीनचे दोन गट करतात. गटांचे सहा सामने, दोन उपांत्य आणि एक अंतिम मिळून नऊ सामने, पावणेसात तासांत दिवस उरकतो. पण मग गटात तिसरा आलेला संघ दोनच सामने खेळून घरी जातो. शिवाय तिघांच्या गटात दर वेळी एक जण बाहेर बसलेला असतो, आणि शेवटचा सामना खेळणाऱ्या दोघांना आपल्याला नेमकं काय पुरेल हे आधीच कळलेलं असतं. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनेही २०२६ च्या विश्वचषकासाठी तिघा-तिघांचे सोळा गट ठरवले होते. मार्च २०२३ मध्ये तो बेत सोडून त्यांनी चौघांचे बारा गट घेतले.

त्यापेक्षा तीन रविवार घ्यावेत. सहा संघांच्या पाच फेऱ्या होतात, दर फेरीत तीन सामने. पहिल्या दोन रविवारी दोन-दोन फेऱ्या, म्हणजे सहा-सहा सामने. तिसऱ्या रविवारी पाचवी फेरी, दोन उपांत्य सामने आणि अंतिम, तेही सहाच. दर वेळी साडेचार तास, सकाळी सात ते साडेअकरा. ऊन चढायच्या आत सगळे घरी, आणि सगळ्यांत कमकुवत संघालाही पाच सामने मिळालेले. भाडं जास्त पडतं हे खरं. पण ते माणशी वाटून बघावं आणि मिळालेल्या सामन्यांनी भागावं. एका सामन्यामागे येणारा खर्च बाद पद्धतीत पहिल्या फेरीला बाहेर पडणाऱ्याला सगळ्यांत महाग पडतो.

पाच फेऱ्यांत कोण कुणाशी खेळणार, यासाठी दीडशे वर्षांच्या आसपास चालत आलेली एक सोपी युक्ती आहे. रिचर्ड शुरिग यांनी १८८६ साली बुद्धिबळासाठी असे तक्ते छापले आणि ऑस्ट्रियातल्या ग्राट्सचे योहान बर्गर यांनी ते सर्वदूर पोचवले. बुद्धिबळवाले त्यांना आजही बर्गर तक्तेच म्हणतात. युक्ती अशी: संघांची नावं दोन ओळींत लिहायची. वर ए, बी, सी, आणि त्यांच्याखाली एफ, ई, डी. वरच्याने खालच्याशी खेळायचं. ए-एफ, बी-ई, सी-डी, झाली पहिली फेरी. आता एला जागेवरून हलवायचं नाही, बाकी पाच जणांना घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा पुढे सरकवायचं. एफ वर येतो, बी पुढे सरकतो, सी खाली उतरतो. दुसरी फेरी ए-ई, एफ-डी, बी-सी. पुन्हा सरकवा, ए-डी, ई-सी, एफ-बी. मग ए-सी, डी-बी, ई-एफ. शेवटी ए-बी, सी-एफ, डी-ई. पंधरा जोड्या, एकही दोनदा नाही, एकही सुटलेली नाही. दहा-बारा वर्षांचं पोर हे मांडू शकतं आणि एकदा मांडून बघितलेलं पोर ते विसरत नाही. संघ विषम असतील तर एक रिकामी चिठ्ठी धरायची. जो तिच्यासमोर येईल त्याला त्या फेरीत विश्रांती. म्हणून पाच संघांनाही फेऱ्या पाचच लागतात आणि सातांना सातच.

बहुतेक आयोजक इथे थांबतात. पण हाच तक्ता नीट वाचला तर त्यात एक गोष्ट लपलेली सापडते. समजा ही गल्लीतली कबड्डी आहे, पाच रात्री, दिव्यांच्या उजेडात, दर रात्री तीन सामने. बी हा दांडगा संघ. त्याच्याशी खेळून आलेल्याचे गुडघे सोललेले असतात आणि खांदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत धरलेला असतो. दुसऱ्या रात्री बीशी सी खेळतो. तिसऱ्या रात्री सीची गाठ ईशी. तिसऱ्या रात्री बीशी एफ, आणि चौथ्या रात्री एफची गाठ ईशी. चौथ्या रात्री बीशी डी, आणि पाचव्या रात्री डीची गाठ पुन्हा ईशीच. म्हणजे लागोपाठ तीन रात्री ईसमोर जो संघ उतरतो, तो आदल्या रात्री बीकडून रगडून निघालेला असतो. ईने काही केलेलं नाही, आयोजकानेही काही केलेलं नाही. कागदाने ईला झुकतं माप दिलं.

उपाय काय? फेऱ्यांचा क्रम बदलता येतो. पहिली, तिसरी, दुसरी, पाचवी, चौथी अशा क्रमाने खेळवल्या तर बीने दमवलेला संघ ईच्या वाट्याला एकदाही येत नाही. पण मग सीशी खेळून आलेले तीन संघ एच्या पुढ्यात येतात. सहा संघांत हे ओझं सगळ्यांना अगदी सारखं वाटणारी मांडणी निघतच नाही, आठांत मात्र निघते. तेव्हा सहा संघांच्या आयोजकाच्या हातात प्रामाणिक मार्ग एकच राहतो. तक्ता आधी लिहून भिंतीवर लावायचा, आणि मग ए कोण, बी कोण, ई कोण याच्या चिठ्ठ्या सगळ्या कर्णधारांदेखत, शक्यतो सोसायटीतल्या एखाद्या लहान मुलाकडून काढायच्या. ज्याला फायदा मिळेल तो चिठ्ठीने मिळेल. घरी बसून एकट्याने ‘सगळ्यांच्या सोयीने’ लावलेल्या वेळापत्रकावर पुढे जी भांडणं होतात, त्यांतली निम्मी तरी या दहा मिनिटांत टळतात.

वेळेचंही तसंच. एप्रिलमधल्या सकाळी सातचा सामना आणि पावणेअकराचा सामना हे दोन वेगळे खेळ आहेत. एकाच संघाला दोनदा शेवटचा सामना पडू देऊ नये. एका सकाळी दोन सामने खेळणाऱ्या संघाला दोन्हींच्या मध्ये निदान एका सामन्याचा श्वास मिळावा. हे हाताने जुळवावं लागतं आणि जुळतं.

इथे थोडं विषय सोडून बॅडमिंटनकडे जातो, कारण सकाळच्या बॅडमिंटनच्या गटांना साखळी फार गोड बसते. आठ जण, दोन कोर्ट, दुहेरी. नेहमीच्या जोड्या ठरून गेलेल्या असतात. दोन चांगले खेळणारे एकत्र, आणि नवखा बिचारा नवख्याबरोबर. गणितज्ञांनी पत्त्यांच्या व्हिस्ट या खेळासाठी एक मांडणी शोधून ठेवली आहे, ती इथे तशीच चालते. सात फेऱ्यांत आठ जणांपैकी प्रत्येक जण प्रत्येकाचा एकदा जोडीदार होतो आणि प्रत्येकाविरुद्ध बरोबर दोनदा खेळतो. गुण जोडीचे न धरता माणसाचे धरायचे. चौदा गेममध्ये सगळ्यांना सगळ्यांबरोबर खेळायला मिळतं, आणि गटात नवीन आलेल्या माणसाची आठवड्याभरात सगळ्यांशी ओळख झालेली असते. मला ही सगळ्यांत सुंदर साखळी वाटते.

गुणतक्त्याकडे येऊ. जिंकल्यावर किती, बरोबरीला किती, हरल्यावर काही की शून्य, हे आकडे खेळाडूंच्या वागण्याला वळण लावतात. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण होता. १९८१ पासून विजयाला तीन झाले, कारण बरोबरी राखून दोघांनी निवांत बसणं वाढलं होतं. प्रो कबड्डीच्या २०१४ सालच्या पहिल्या मोसमात विजयाला पाच, बरोबरीला तीन आणि सात किंवा कमी गुणांच्या फरकाने हरलेल्यालाही एक गुण होता. हा शेवटचा एक गुण फार विचाराने दिलेला होता. दहा गुणांनी मागे पडलेल्या संघालाही शेवटच्या चढाईपर्यंत झटायला कारण राहतं. गल्लीतल्या स्पर्धेने उचलावी अशी ही गोष्ट आहे.

गुण सारखे झाले, की खरी कसोटी लागते. पहिला विचार मनात येतो तो दोघांमधल्या सामन्याचा: ज्याने समोरच्याला हरवलं तो वर. युरोपच्या फुटबॉल अजिंक्यपदात हाच नियम आधी लागतो. दोघांत तो चालतो. तिघांत मात्र एने बीला, बीने सीला आणि सीने एला हरवलेलं असतं. हे अपवादाने घडत नाही, चार-पाच संघांच्या गटात वरचेवर घडतं. मग फरक मोजावे लागतात. क्रिकेटमध्ये निव्वळ धावगती. हौशी स्पर्धांच्या गुणलेखकांची इथे एक चूक हमखास होते. समजा एका संघाने सहा षटकांत ६० धावा केल्या आणि समोरचा संघ चार षटकांत ३६ धावांत सर्वबाद झाला. समोरच्याची धावगती ३६ भागिले ४, म्हणजे ९ नव्हे. सर्वबाद झालेल्या संघाची षटकं पूर्ण सहा धरायची असतात, म्हणून ती ६. विजेत्याची निव्वळ धावगती त्या सामन्यापुरती अधिक ४ होते, अधिक १ नाही. या एका भागाकाराने उपांत्य फेरीतला संघ बदलू शकतो. नियमांच्या कागदावर हे उदाहरणासकट लिहून ठेवावं.

नियम नीट तपासून घेतला नाही तर काय होतं, याचा दाखला कॅरिबियन बेटांत घडलेला आहे. जानेवारी १९९४, कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा. पुढे जायला बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं. बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि जादा वेळातला निर्णायक गोल दोन गोलांइतका धरायचा, असा नियम आयोजकांनी केला होता. बार्बाडोस २-० ने पुढे होता. शेवटच्या काही मिनिटांत ग्रेनाडाने एक गोल केला, २-१. आता बार्बाडोसला आणखी एक गोल हवा आणि वेळ संपत आलेली. त्यांनी चेंडू आपल्याच जाळ्यात मारला. २-२. बरोबरी राहिली तर जादा वेळ मिळणार आणि तिथे एकच गोल दोनांचं काम करणार. ग्रेनाडाच्या हे लक्षात आलं. त्यांना आता कुठल्याही जाळ्यात गोल चालला असता, कारण ३-२ असे हरले तरी ते पुढे जात होते. शेवटच्या मिनिटांत बार्बाडोसचे खेळाडू मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन्ही गोल राखत उभे होते. जादा वेळात त्यांनी गोल केला, सामना ४-२ ने नोंदला गेला आणि ते पुढे गेले. खेळाडूंनी एकही नियम मोडला नव्हता. त्यांच्या हाती दिलेला कागदच तसा होता.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधला प्रकार याहून कडू. बॅडमिंटनच्या दुहेरीत त्या वर्षी प्रथमच गटसाखळी आणली होती. बाद फेरीची भाग्यपत्रिका आधीच ठरलेली, त्यामुळे गटात पहिलं येण्यापेक्षा दुसरं येणं सोयीचं पडेल, असं महिला दुहेरीतल्या काही जोड्यांच्या ध्यानात आलं. मग सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात जाऊ लागली, शटल मुद्दाम बाहेर पडू लागलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. चीनची एक, इंडोनेशियाची एक आणि दक्षिण कोरियाच्या दोन अशा चार जोड्या दुसऱ्या दिवशी स्पर्धेतून काढून टाकल्या गेल्या. त्याच स्पर्धेत आपली ज्वाला गुट्टा, जन्माने वर्ध्याची, आणि अश्विनी पोनप्पा यांनी गटातले तीनपैकी दोन सामने जिंकले होते. तीन जोड्या सारख्या झाल्या आणि गुणांच्या फरकावर या दोघी बाहेर पडल्या. जपानच्या जोडीच्या तैपेईविरुद्धच्या पराभवाची चौकशी व्हावी ही भारताची मागणी मान्य झाली नाही. पुढे बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेने नियम बदलला: गटात दुसऱ्या आलेल्यांसाठी भाग्यपत्रिका गटसामने संपल्यावर काढायची. समोर कोण येणार हे आधी कळत नसेल, तर मुद्दाम हरण्यात काही लाभ राहत नाही. सोसायटीलाही हे फुकटात करता येतं. उपांत्य फेरीच्या चिठ्ठ्या साखळी संपल्यावर टाका.

शेवटच्या फेरीचं दुखणं त्याहून जुनं आहे. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला हरवून सगळ्यांना चकित केलं होतं. त्यांचे तीनही सामने संपल्यावर दुसऱ्या दिवशी स्पेनमधल्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकला तर दोघेही पुढे जाणार, हे दोघांनाही ठाऊक. सुरुवातीलाच एक गोल झाला आणि मग उरलेला सामना चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात गेला. अल्जीरिया घरी गेला. १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात. एकच टर्फ असलेल्यांना हे जमत नाही, पण शेवटच्या फेरीपुरता शेजारचा टर्फ तासाभरासाठी घेता येतो. बुद्धिबळवाल्यांची आणखी एक रीत आहे: एकाच क्लबच्या किंवा देशाच्या खेळाडूंच्या गाठी सुरुवातीच्या फेऱ्यांत उरकून घ्यायच्या. एका विंगचे दोन संघ असतील तर त्यांनाही आधीच खेळवून घ्यावं. शेवटच्या फेरीत भावाने भावाला गुण द्यायचा मोह कुणावर आणू नये.

आपसातल्या समजुतीचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरणही बुद्धिबळातलंच. १९६२ साली क्युरासाओ बेटावरच्या आव्हानवीर स्पर्धेत आठ जणांनी प्रत्येकाशी चार-चार डाव खेळायचे होते. पेट्रोशियन, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंनी आपसातले बाराही डाव बरोबरीत सोडवले. बॉबी फिशर यांनी त्यावर जाहीर आरोप केला. पुढची आव्हानवीर स्पर्धा बाद पद्धतीने घेतली गेली. क्युरासाओची दुसरी गोष्ट आयोजकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आठांपैकी ताल आजारी पडले आणि तीन आवर्तनं खेळून स्पर्धेतून गेले. ते गेले तेव्हा प्रत्येकाशी तीन-तीन डाव खेळून झाले होते, म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. सोसायटीत संघ असा नीट आवर्तन संपवून जात नाही. दुसऱ्या रविवारी अर्ध्या संघाला लग्नाला जायचं असतं, उरलेले चौघे येतात आणि समोरच्याला पुढे चाल मिळते. आता ज्यांनी त्या संघाकडून आधी मार खाल्ला त्यांचं काय? बुद्धिबळाचा नियम स्वच्छ आहे. निम्मे सामने होण्याआधी गेला तर त्याचे निकाल क्रमवारीत धरायचे नाहीत, निम्मे झाल्यावर गेला तर झालेले निकाल कायम आणि राहिलेल्यांत समोरच्याला गुण. हे दोन ओळींत लिहून ठेवलं की पुरतं.

पावसाचं गणित मुंबईइतकं कुणाला कळणार नाही. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळायची म्हणूनच ओळखली जाते. आझाद मैदानावर एकाला लागून एक खेळपट्ट्या, एका सामन्याचा कव्हरवाला दुसऱ्या सामन्याच्या स्लिपपाशी उभा, गुडघाभर गवत आणि ओल्या खेळपट्टीवर उसळणारा चेंडू. त्या साखळीत धुतला गेलेला सामनाही तक्त्यात काहीतरी मांडून जातो. १९९२ च्या क्रिकेट विश्वचषकात नऊ संघांची पूर्ण साखळी होती, ३६ सामन्यांची. अ‍ॅडलेडला इंग्लंडने पाकिस्तानला ७४ धावांत गुंडाळलं आणि पाऊस आला. पाकिस्तानला एक गुण मिळाला. साखळीअखेर पाकिस्तानचे नऊ गुण झाले, ऑस्ट्रेलियाचे आठ, आणि पुढे चषक पाकिस्तानने नेला. एका गुणावर एवढं ठरतं, तेव्हा किती षटकं झाली तर सामना धरायचा आणि राखीव दिवस आहे की नाही, हे आभाळ भरून येण्याआधी ठरलेलं बरं.

कांगा लीगकडून घ्यायची आणखी एक गोष्ट म्हणजे तिचे विभाग. ए पासून खाली एकेक विभाग, प्रत्येकात स्वतंत्र साखळी, वरचे वर चढतात, तळाचे खाली उतरतात. साखळीवरचा मोठा आक्षेप हाच असतो, की शेवटी-शेवटी काही सामन्यांना अर्थ राहत नाही. पाचव्या आणि सहाव्या संघाचा सामना बघायला कुणी येत नाही, कधी खेळाडूच येत नाहीत. वर-खाली जाण्याची सोय असली की तोच सामना गर्दी खेचतो. तळाच्या जागेलाही किंमत असते, हे इंग्लंडच्या लीगला पहिल्याच मोसमात दिसलं. प्रेस्टन नॉर्थ एंड २२ पैकी १८ सामने जिंकून आणि ४ बरोबरीत सोडवून अजिंक्य राहिला. तळाच्या चार क्लबांना मात्र पुढच्या वर्षी आम्हाला घ्या म्हणून पुन्हा मत मागावं लागलं. सगळ्यांत शेवटी होता स्टोक. त्याला पुन्हा घेतलं. दुसऱ्या वर्षीही तो तळालाच राहिला, तेव्हा मत त्याच्या विरोधात गेलं आणि त्याच्या जागी संडरलँड आला. स्टोक दुसऱ्या एका लीगमध्ये जाऊन खेळला, ती जिंकली आणि १८९१ मध्ये परत आला.

बारा संघांची सोसायटी असेल तर सहा-सहाचे दोन विभाग करावेत, दोन्हींच्या साखळ्या त्याच तीन रविवारी घ्याव्यात, एकीचे सामने सकाळी आणि दुसरीचे संध्याकाळी. वरच्या विभागातला सहावा खाली, खालच्यातला पहिला वर. पहिल्या वर्षी कुठला संघ कुठल्या विभागात, यावर वाद होणारच. तेवढ्यासाठी आधी एक रविवार चिठ्ठ्या टाकून छोटे सामने घ्यावे लागतील. दुसऱ्या वर्षी विभाग मागच्या वर्षीच्या तक्त्यावरून लागतात.